पाव फेरा जास्त

भिंगरावांनी आयुष्यात विश्वास ठेवला तो फक्त पोलादी दोरावर, आणि तोसुद्धा भिंगातून पाहून झाल्यावर. लिफ्टदुरुस्तीत सव्वीस वर्षं काढलेला माणूस. लिफ्टचा दोर वरून धडधाकट दिसतो, पण आत एखादी तार तुटलेली असते. ती शोधायला ते खिशात भिंग बाळगत, म्हणून धंद्यातल्या लोकांनी त्यांना हे नाव दिलं. पुढे ते भिंग दोरावरून भाजीवर गेलं, औषधाच्या बाटल्यांवर गेलं, पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर गेलं. दूधवाला म्हणाला, आज दूध ताजं आहे, की यांच्या मनात पहिला प्रश्न: म्हणजे काल काय होतं? लग्न ठरताना मुलीकडच्यांनी होकार कळवला, तेव्हा स्वारीने आनंद बाजूला ठेवून आधी चौकशी केली होती की इतक्या लवकर हो का म्हणालात.

अशा माणसाच्या सासूबाईंचीच लिफ्ट बंद पडली. सासूबाई सहाव्या मजल्यावर एकट्या राहत. गुडघे असे की जिना म्हटलं तरी दुखायला लागत. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, शस्त्रक्रियेची तारीख शुक्रवारची, आणि ती हुकली तर पुढची तीन महिन्यांनी. इमारतीतले लोक निवांत होते. जावई लिफ्टवाला असताना आपण कशाला धावपळ करा?

जावयाची पंचाईत वेगळीच होती. त्या लिफ्टचा कंट्रोलर, म्हणजे वर मशीनच्या खोलीत भिंतीवर लावलेला तिचा मेंदू, फार जुना होता. बिघाड झाला की तो दातखीळ बसल्यासारखा गप्प होई, आणि लॅपटॉप जोडल्याशिवाय तोंड उघडत नसे. लॅपटॉपही कसा, तर नऊ पिनांचा जुना सीरियल पोर्ट असलेला. नव्या लॅपटॉपला तो नसतो, आणि मध्ये कुठली जोडणी लावली तर कंट्रोलर ओळखच देत नाही. भिंगरावांकडे तसा लॅपटॉप होता, पण महिन्यापूर्वी तो सातव्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडला. उरलं ते उचलण्यासारखं नव्हतं, झाडण्यासारखं होतं.

सोमवारी मेहुणा एक वापरलेला दणकट लॅपटॉप घेऊन आला. उन्हातान्हात काम करणाऱ्यांसाठी बनवलेला, धातूच्या अंगाचा, चार किलोंचा, वर धरायला मूठ आणि प्रत्येक भोकावर रबराचं झाकण. जमीनमोजणीचं एक ऑफिस बंद झालं, तिथल्या सामानात मिळाला म्हणे.

"भाऊजी, हा पडला तरी चालतो, भिजला तरी चालतो," मेहुणा म्हणाला.

"मग विकला का?"

मेहुण्याने ऑफिस बंद झाल्याचं पुन्हा सांगितलं. ऑफिस का बंद झालं, मोजणी चुकत होती का, चुकत होती तर याच लॅपटॉपमुळे का, असे प्रश्न ओळीने आले, तेव्हा तो चहा अर्धा टाकून उठला. चहा अर्धा टाकून जाणारा माणूस काय लपवत असेल, यावर भिंगरावांनी संध्याकाळभर विचार केला.

सीरियल पोर्ट मात्र ठणठणीत होता. बाकी यंत्र म्हणजे शरीराने पैलवान आणि आतून पेन्शनर. सुरू व्हायला अठरा मिनिटं घेई, हार्ड डिस्क कण्हत असे, आणि वायर काढली की बॅटरी तिथल्या तिथे डोळे मिटे. हे घेऊन मशीनच्या खोलीत जाण्यात अर्थ नव्हता.

मंगळवारी ते दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेले. बाजारातल्या एका इमारतीच्या तळघरात, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी, त्यांचा गाळा होता. बाई कमी बोलत, आणि कमी बोलणाऱ्यांबद्दल भिंगरावांचं मत आधीपासूनच वाईट होतं. त्यांनी स्टूल इतकं पुढे ओढलं की बाईंना हात हलवायला जागा उरेना.

बाईंची कामाची एक रीत होती. पुठ्ठ्यावर त्या लॅपटॉपचा आकार काढत, आणि निघेल तो स्क्रू त्याच्या त्याच्या जागी त्या पुठ्ठ्यात टोचून ठेवत. बावीस स्क्रू असे उभे राहिले. भिंगरावांना हा देखावा वाटला. खरं काम येणारा माणूस चित्रं कशाला काढेल? ते प्रत्येक भागाचा फोटो घेत राहिले. बाईंनी कण्हणारी डिस्क तिच्या डबीसकट बाजूने ओढून काढली, तिच्या जागी नवी, आवाज न करणारी बसवली. मेमरी वाढवली, बॅटरी बदलली, पाणी अडवणारी रबराची कड नवी घातली. एवढ्यात बायकोचा फोन आला, आत आवाज नीट येईना, म्हणून भिंगरावांना चार मिनिटं बाहेर जावं लागलं. परत आले तेव्हा बाई झाकण लावत होत्या.

बॅटरीची चाचणी व्हायची, म्हणून यंत्र उद्यापर्यंत ठेवावं लागणार होतं. भिंगरावांनी खिशातून बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि बावीसही स्क्रूंवर ठिपके दिले, अर्धा ठिपका स्क्रूवर, अर्धा लॅपटॉपच्या अंगावर. स्क्रू फिरला की ठिपका फुटणार. बाईंनी हे काय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी न लाजता सांगितलं की लिफ्टमध्ये प्रत्येक बोल्टवर अशी खूण करतात, कोणी हात लावला तर कळतं.

"चांगली पद्धत आहे," बाई म्हणाल्या. "माझ्याही उपयोगाची."

बुधवारी सकाळी ठिपके शाबूत होते. लॅपटॉप वीस सेकंदांत सुरू झाला, बॅटरी टिकली, पोर्ट चालला. दुसरा कोणी असता तर त्याने तडक सहावा मजला गाठला असता. भिंगराव घरी आले आणि त्या चार मिनिटांवर येऊन अडकले. चार मिनिटांत काय होत नाही? नवी मेमरी काढून जुनी घालता येते. स्क्रीन आकडा बरोबर दाखवतो, पण स्क्रीनचं काय, दाखवा म्हटलं ते दाखवेल.

दुपारी बायको आईला जेवण द्यायला गेली होती. भिंगरावांनी जेवणाच्या टेबलावर चादर पसरली, ठिपके फोडले आणि बावीस स्क्रू एका वाटीत टाकले. पुठ्ठाबिठ्ठा काही नाही. झाकण उघडून भिंग लावलं, फोटो शेजारी धरला. मेमरी तीच. डिस्क तीच. सगळं जागच्या जागी होतं, आणि याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

आता वाटीतले स्क्रू तीन लांबींचे होते. फरक अर्ध्या तांदळाचा, पण होता. भिंगरावांच्या धंद्यात जो बोल्ट बसला तो बरोबर. त्यातून त्यांची सव्वीस वर्षांची सवय म्हणजे, बोल्ट घट्ट झाला की वर पाव फेरा जास्त द्यायचा. तो पाव फेरा माणसांचे जीव वाचवतो, असं ते नव्या मेकॅनिकांना सांगत. पोर्टाजवळचा एक स्क्रू जरा हट्टी निघाला. त्यालाही त्यांनी पाव फेरा दिला. आत कुठेतरी बारीकसं कट् झालं. शेजारी सुपारी फोडत असतील, असं त्यांनी ठरवलं. ठिपके परत दिले नाहीत. स्वतःच्या हातावर कोण खूण ठेवतं?

लॅपटॉप सुरू झाला. पोर्ट मेला होता.

बायको आली तेव्हा निकाल तयार होता: बाईंनी घोळ घातला, त्याच चार मिनिटांत.

"अहो, पण सकाळी चालत होता ना?"

"तेच तर. आज दुपारी बंद पडावा असंच काहीतरी करून ठेवलंय."

बायकोने शुक्रवारला आता एकच दिवस मधे आहे एवढंच सांगितलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात वाजली.

गुरुवारी गाळा उघडायच्या आधीच भिंगराव दारात उभे. त्यांनी आरोपपत्र वाचून दाखवलं. बाईंनी लॅपटॉप पालथा केला, दिवा जवळ ओढला आणि भिंग मागितलं. भिंगरावांनी आपलंच दिलं. बाईंनी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं आणि भिंग परत केलं.

"तुम्हीच बघा."

त्यांनी पाहिलं. बावीसच्या बावीस ठिपके मधोमध तडकलेले. कुठल्याही इमारतीत असा बोल्ट दिसला असता तर त्यांनी लिफ्ट बंद करून सगळ्यांची उलटतपासणी घेतली असती.

"तुमच्या घरी कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं.

क्षणभर त्यांचा संशय बायकोवर गेला, दोन क्षण मेहुण्यावर. मग जायला कोणी उरलं नाही.

"मीच," भिंगराव म्हणाले.

बाईंनी झाकण उघडलं. लांब स्क्रू आखूड भोकात गेला होता, आणि शेवटच्या पाव फेऱ्यात त्याच्या टोकाने पोर्टाच्या पट्टीतल्या दोन तारा कापल्या होत्या. एवढा का पिळलात, असं त्यांनी विचारलं. लिफ्टमध्ये पिळतात, असं हे म्हणाले.

"लिफ्ट माणसं उचलते. हा स्क्रू फक्त झाकण धरतो."

तशी पट्टी विकत मिळत नाही. केसाएवढी तार जोडून काम होईल, पण श्वास रोखून करावं लागेल, आणि मानेवर कोणाचं नाक असेल तर होणार नाही. अट एकच: तासभर बाहेर, आत न बघता.

तो तास भिंगरावांनी किल्लीवाल्याच्या बाकावर, गाळ्याकडे पाठ करून काढला. दर मिनिटाला मान आपोआप वळायला बघे, आणि ते ती हाताने धरल्यासारखी सरळ ठेवत. आत काही पडल्याचा आवाज आला. हातातलं भिंग त्यांनी पॅन्टच्या खिशात खोल ढकललं. किल्लीवाल्याने सहज विचारलं की आत काय चाललंय.

"माहीत नाही," भिंगराव म्हणाले. सव्वीस वर्षांत हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते.

तीन वाजता, चार किलो हातात घेऊन, जिन्याने धापा टाकत ते मशीनच्या खोलीत पोचले. केबल लावली. कंट्रोलर बराच वेळ गप्प राहिला. भिंगरावांना बाई आठवल्या, तार आठवली, पाठ करून बसलेला तास आठवला. मग स्क्रीनवर ओळी धावू लागल्या. कंट्रोलर बोलायला लागला तो थांबेना. सहावा मजला, दरवाजा अडवला. सहावा मजला, दरवाजा अडवला. महिन्यात एकेचाळीस वेळा, बहुतेक सकाळी दहाच्या सुमारास. शेवटी दाराच्या कुलपाचा संपर्क, म्हणजे दार लागल्याचं कंट्रोलरला कळवणारी पट्टी, वाकला आणि लिफ्टने हात टेकले.

ते सहाव्यावर उतरले. लिफ्टच्या उंबरठ्यावर एक गोल खळगा होता. सासूबाईंच्या दाराशी एक लाकडी स्टूल होतं. त्याचा पाय त्या खळग्यात बोट अंगठीत बसावं तसा बसला. मग सगळं डोळ्यांसमोर आलं. लिफ्ट निघून जाईल म्हणून दारात स्टूल अडकवायचं, घराला कुलूप लावायचं, तीनदा ओढून पाहायचं, गॅस बंद आहे का म्हणून परत आत जायचं, आणि पुन्हा कुलूप. घराण्यात आपल्या तोडीचं कोणी नाही, असा भिंगरावांचा जो समज होता, तो त्या खळग्यात गेला.

त्यांनी संपर्क सरळ केला, बिघाड पुसला, लिफ्ट खालीवर केली. सासूबाई चाचपडत दारात आल्या आणि काय झालं होतं म्हणून विचारलं. पुरावा हाताशी होता, तारीख-वेळेसकट. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा संशय शंभर टक्के खरा निघाला होता.

"स्प्रिंग थकली होती, आई. वयाने."

"मला वाटलंच. खालचे लोक दार आपटतात. माझा त्यांच्यावर आधीपासून डोळा होता."

भिंगरावांनी मान डोलावली, आणि मशीनच्या खोलीत उभं राहायला लागतं म्हणून ते स्टूल मागून घेतलं. परत नेऊन दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सहाव्या मजल्यावर लिफ्टचं बटण अंगठ्याने दाबून धरलं. सासूबाईंनी कुलूप लावलं, तीनदा ओढलं, गॅस बघून आल्या, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या की आधी जावईबापूंनी एकट्याने खाली जाऊन यावं. ते गेले, आले. तेव्हा कुठे त्या आत शिरल्या, हात जावयाच्या दंडाला घट्ट. डॉक्टरांची वेळ गाठायला अजून अर्धा तास होता.

चौथ्या मजल्याजवळ सासूबाईंनी विचारलं, "कुलूप नीट लागलं होतं ना हो?"

"लागलं होतं. मी ओढून पाहिलं."

भिंगरावांनी ओढून पाहिलं नव्हतं.