कुलूपबंद दरीतली पणती

साहेब दरीच्या तोंडाशी थांबले आणि म्हणाले, "यात वाट कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. समोर करवंदीची जाळी होती आणि तिच्यामागे नुसती झाडी. माझ्या अर्जात मात्र स्पष्ट लिहिले होते, "सदर वाट अखंड वहिवाटीत आहे." वहिवाट म्हणजे फार काळ चालत आलेला वापर. तो दिसला तरच हक्क मागता येतो.

मी रत्नागिरीत कचेरीबाहेर अर्ज लिहून देतो. शिक्षण नववीपर्यंत, तरीही माझ्या मसुद्यात खोट काढणारा वकील अद्याप भेटलेला नाही. पावसच्या पुढची ही दरी राखीव जंगल झाली आणि फाटकाला कुलूप लागले. आत माझ्या अशील पार्वतीकाकूंच्या घराण्याचा राखणदार, म्हणजे जागा सांभाळणारा देव. त्यास दिवा लावण्याची परवानगी मिळावी, असा तो अर्ज होता. वनखात्याचे साहेब त्यासाठीच स्थळपाहणीला आले होते.

मला तेथे स्वस्थ उभे राहवेना. हॉर्न नाही, माणसाचा आवाज नाही, मोबाईलला रेंज नाही. वर काही खसफसले की मी फाईल छातीशी धरीत होतो.

काकू अनवाणीच जाळीच्या कडेने वाकून आत शिरल्या. त्यांच्यामागे आम्ही. आईनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. त्याच्यापुढे पणती. तिच्यात तेल होते.

"हे ताजे दिसते," साहेब म्हणाले. "फाटक तर बंद असते. कोण येते इथे?"

येतो म्हणावे, तर विनापरवाना शिरल्याचा गुन्हा. येत नाही म्हणावे, तर वहिवाट संपली आणि अर्जही. मी काकूंचा पाय हळूच दाबला.

"पाय कशाला चेचतोस रे?" काकू मोठ्याने म्हणाल्या. "मीच लावत्ये दिवा. नि कोण लावणार? पोरगे मुंबैस."

"फाटकावरून चढून येता, आजी?"

"या गुडघ्यांनी? तुमचा गार्ड उघडतो की."

बरोबर आलेला गार्ड आईनाचा शेंडा पाहू लागला.

"काय रे?"

"साहेब, नाही उघडलं तर ही खालच्या पऱ्याच्या वाहत्या पाण्यातून येते. शेवाळ आहे. एकदा पडली पण."

"चावीचं आपण ऑफिसात बोलू."

"त्याला रागवायचं तर इथंच रागवा," काकू म्हणाल्या. "देवालाही ऐकू दे."

मग साहेबांनी माझी फाईल मागितली आणि अर्जावर शेरा मारला: वहिवाट प्रत्यक्ष पाहिली, गार्डसोबत दिवसाउजेडी जाण्यास हरकत नाही.

गार्डला ताकीद मिळाली. काम तेच राहिले, कुलूप उघडण्याचे.

माझा मसुदा मंजूर झाला, याचे मला नवल वाटले नाही. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी एवढेच नोंदवून ठेवतो, की स्थळपाहणीच्या वेळी अशिलाचा पाय दाबू नये.