चालता ताणा

माझ्या बायकोच्या मामांइतका इंग्लंडचा कडवा अभिमानी भिवंडीत दुसरा झाला नसेल. फक्त त्यांच्या इंग्लंडात लंडन नव्हतं. होतं ते एक छोटंसं गाव. कामतघरच्या त्यांच्या कारखान्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या मागाच्या बिडाच्या चौकटीवर त्या गावाचं नाव ठसठशीत उठवलेलं होतं. मामांच्या आजोबांनी तो मुंबईच्या एका गिरणीतून जुनाच आणला आणि तेव्हापासून ते गाव घरातलंच झालं. तिथेही अशाच चाळी असणार, तिथल्या विणकरांचेही कान असेच गेलेले असणार, अशी मामांची खात्री. माझा चुलतभाऊ लंडनहून आला तेव्हा त्यांनी विचारलं, "आमच्या गावाला गेलतास का न्हाय?" तो नाही म्हणाला. "मंग कशाला गेलतास?" भावाने ऐकीव माहिती पुरवली, की तिथल्या गिरण्या केव्हाच बंद पडल्या, आता जुने माग मांडून ठेवलेत आणि लोक तिकीट काढून बघतात. त्या दिवशी मामांना जेवण गेलं नाही. "माग काय पिंजऱ्यातला वाघ हाय?" एवढंच ते पुटपुटत राहिले.

मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे मामांना समोरच्याचे ओठ वाचता येत. लग्नात मांडवाच्या पार पलीकडे वरमाई काय कुरकुरतेय, हे ते जिलेबी खाता खाता सांगत. त्यामुळे मामा समोर असले की आमच्याकडच्या बायका तोंडावर पदर धरूनच बोलत, आणि परक्यांना वाटे, काय हे संस्कार! याच विद्येने पुढे त्यांचा घात केला. दोन हजार सालानंतर भिवंडीभोवती गोदामांचं पीक आलं. एकदा मी कारखान्यात गेलो होतो, तेव्हा पलीकडच्या टोकाला मामांचा मुलगा भंगारवाल्याशी बोलत होता. एवढ्या आवाजात बापाला काय कळणार, असं त्याला वाटलं असावं. बापाची विद्या तो घाईत विसरला. मामांचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी तोंड आणून ते म्हणाले, "सोमवारी सगळं माग भंगारात, जावईबुवा. गोदाम करतोय. म्हातारा पन चालला."

सोमवारी हातोडे पडले आणि बाकीचे माग तुकडे होऊन टेम्पोत गेले. म्हातारा माग मात्र चालूच होता. त्याच्यावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, चढलेला होता, आणि चालत्या ताण्याला कातर लावणाऱ्याचं घर बसतं, हे मामांनी आयुष्यभर गावाला ऐकवलेलं. मुलगाही ते मानत होता. ताणा गुंडाळलेला बीम संपेपर्यंत थांबू, तो म्हणाला. मग मामांनी असं काही सावकाश विणायला घेतलं, की मुंगीने लाजावं. धड असलेली तार हळूच तोडायची, माग थांबवायचा, चष्मा पुसायचा, गाठ मारायची. टेम्पो रोज यायचा आणि रिकामा जायचा. "चाचा, कितना बाकी है?" भंगारवाला विचारी. "जितना है उतना है." घरात बापलेकांचं बोलणं बंद झालं. शेवटी गोदामवाली पार्टी म्हणाली, आज जागा रिकामी नाही झाली तर सौदा रद्द.

त्या दुपारी मुलगा कातर घेऊन आला. मी दारात होतो. त्याने पातं ताण्याजवळ नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. आता कापलं तर हे दोघे पुन्हा एका पंगतीला बसणार नाहीत, असं मला वाटलं. मामा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच मोटर बंद केली.

"आण इकडं."

"बाबा, मी..."

"पोरानं बापाचा चालता ताणा कापला, असं लोकांनी बोलाया नको. माझ्या हातानं होऊ दे. लागंल ते मला लागंल."

त्यांनी या काठापासून त्या काठापर्यंत ताणा कापला. घाई केली नाही, उशीरही केला नाही. मुलगा बीमवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. मलाही आवरेना.

"रडतोस काय? कापड धर," मामा म्हणाले. "जमिनीला लागतंय."

त्याने डोळे पुसून दुसरं टोक धरलं. दोघांनी ते अर्धवट कापड ताणलं, झटकलं आणि एकेक पाऊल जवळ येत घडी घालत गेले. पाठीमागे म्हाताऱ्या मागावर हातोडा पडला, तेव्हा दोघांचे हात एकाच घडीवर होते.