वारस, पालक आणि सीबीएससमोरची वकीलबाई

केस संपली की फाइल दोरी बांधून माळ्यावर जाते. पण तिच्यातली माणसं काही माळ्यावर जायला तयार नसतात! नव्वदच्या दशकात मी नाशिकला सीबीएस म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडसमोर, कोर्टाला लागून, एक खोली घेऊन वकिली सुरू केली. मृत्युपत्रं, वारस, घटस्फोट, लहान मुलांचं पालकत्व, म्हणजे थोडक्यात घराघरांतली भांडणं. एसटीतून उतरलेला पक्षकार थेट माझ्या समोरच्या खुर्चीत. काही जण तर गाडी चुकली म्हणून टेकायला यायचे आणि जाताना केस देऊन जायचे! आता मैत्रिणी जमल्या की "ते सांग ना" सुरू होतं. नावं तेवढी बदलते, बाकी सगळं अस्संच घडलेलं.

*

निफाडकडचे एक तात्या मृत्युपत्र करायला आले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. मी सांगायला लागले आणि टायपिस्ट टाइप करायला, "माझ्या मृत्यूनंतर..."

तात्यांनी हात वर केला. "थांबा. 'समजा मी मेलो, तर' असं लिवा."

"तात्या, त्यात 'समजा' कुठून आलं? ते होणारच आहे."

तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही लय खात्रीनं बोलता!"

शेवटी 'माझ्या पश्चात' या शब्दांवर तडजोड झाली. पुढची अकरा वर्षं तात्या दर दिवाळीला ऑफिसच्या दारात उभे राहून ओरडायचे, "बाई, तुमचा कागुद अजून लागला नाय बरं का!"

*

पंचवटीतला एक नवरा. बायको आपल्या आईला छळते म्हणून त्यानं घटस्फोट मागितला होता. मी बायकोची वकील. त्याच्या वकिलांनी हुकमाचा एक्का म्हणून त्याच्या आईलाच पिंजऱ्यात उभं केलं. जरीकाठी साडी, गंभीर चेहरा.

"आजी, घाबरू नका. सुनेनं तुम्हाला कधी त्रास दिला का?" त्यांनी विचारलं.

"दिला ना. एकदा."

वकीलसाहेब खूश! "काय केलं तिनं? कोर्टाला सांगा."

"माहेरी निघून गेली. तेव्हापासून घरात या मुलाबरोबर मी एकटी आहे!"

जज्जसाहेबांनी रुमालानं तोंड पुसायला सुरुवात केली आणि बराच वेळ ते पुसतच राहिले. मी उलटतपासणी घेतली नाही. गरजच काय होती?

*

लासलगावच्या एका बाईंचा धाकटा भाऊ दहावीला नापास होऊन घरातून पळाला, तो वीस वर्षं परत आलाच नाही. जमिनीवर त्याचं नाव होतं, त्यामुळे कुठलंच काम पुढे सरकेना. सात वर्षांहून जास्त काळ माणसाचा पत्ता नसेल, तर तो मृत धरावा असं कोर्टाकडे मागता येतं. अर्जावर सही करताना ताई हुंदके देऊन रडल्या. नियमाप्रमाणे पेपरात नोटीस दिली, 'कोणाची हरकत असल्यास कळवावे.'

पंधरा दिवसांनी एक आडदांड माणूस ऑफिसात आला. हातात आमच्या नोटिशीचं तेलकट कात्रण. इंदूरकडे ट्रक चालवायचा. जेवताना ताटाखाली घातलेल्या पेपरात त्याला स्वतःचं नाव दिसलं होतं.

"माझी हरकत हाय," तो म्हणाला.

"कशाला?"

"माझ्या मरणाला!"

मी ताईंना फोन करून बोलावून घेतलं. त्या आल्या. दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहिल्या. मग काड्कन त्याच्या कानाखाली वाजवली आणि लगेच त्याच गालाची पापी घेतली. "दहावीत नापास झाला म्हणून कोणी मरतं का रे!" भाऊ गाल चोळत माझ्याकडे वळला, "म्याडम, आता हरकत मागं घेतली तर चालंल का?"

*

एका गुरुजींच्या मृत्युपत्राला त्यांच्या थोरल्या मुलानं आव्हान दिलं. म्हणणं असं, की सही करताना अण्णा, म्हणजे त्याचे वडील, शुद्धीवर नव्हते. एक साक्षीदार होते गुरुजींचे जुने विद्यार्थी, मालेगावला पॉवरलूम चालवणारे. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेलेलं, त्यामुळे साधं बोलणंही कोर्टाबाहेर ऐकू जायचं.

"गुरुजी शुद्धीवर होते हे कशावरून?" समोरच्या वकिलांनी विचारलं.

"साहेब, मी साक्षीदार म्हणून सही केली. गुरुजींनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाले, 'गधड्या, वेलांटी चुकली!' खोडून परत लिहायला लावली!"

जज्जसाहेबांनी कागद उजेडात धरला. खोडलेलं नाव, खाली पुन्हा नाव, या वेळी दीर्घ वेलांटीचं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून थोरला मुलगाच बोलून गेला, "मग ते अण्णाच!"

*

आणि देवळ्याची आशू. आठ वर्षांची. आईवडील अपघातात गेलेले. तिचे आजोबा माझे पक्षकार. नाशिकला राहणारी मावशी समोर. दोघंही जिवापाड प्रेम करणारे, म्हणूनच केस अवघड. जज्जसाहेबांनी आशूला चेंबरमध्ये बोलावलं, आम्हा दोन्ही वकिलांना कोपऱ्यात गप्प बसवलं.

"बाळ, तुझा पालक कोण हे ठरवायचंय."

"पालक म्हणजे काय करतो?"

"वेळेवर जेवायला लावतो, औषध देतो, रस्ता ओलांडताना हात धरतो."

आशूनं विचार केला. "मग आजोबांची पालक मी आहे. त्यांची बीपीची गोळी मीच देते. एसटीतून उतरताना हात पण मीच धरते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बरं. आणि तुझा पालक कोण?"

"ते तुम्ही ठरवा. माझं काही अर्जंट नाही."

साहेबांनी आजोबा आणि मावशी दोघांना आत बोलावलं आणि आशू काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. आजोबा खिडकीबाहेर बघायला लागले. मावशीनं डोळे पुसले. म्हणाली, "साहेब, आमच्याकडे एक खोली रिकामीच आहे."

आशूनं लगेच विचारलं, "खाली आहे की वर? आजोबांना जिना चढवत नाही."