खूणताईंनी न दाबलेलं बटण

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात स्क्रीनवर उघडलेली प्रत्येक चौकट शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं एकच माणूस होतं, खूणताई. मी नवीन असताना जावा या संगणकभाषेतला एक प्रोजेक्ट माझ्या मशीनवर घ्यायला, म्हणजे इम्पोर्ट करायला बसले. नेक्स्ट, नेक्स्ट करत फिनिशवर पोचले, तर ताईंनी माझा हातच धरला. “आधी वाच गो, मगे दाब!” खाली ‘प्रत करून घ्या’ असा एक बारीक पर्याय होता. “इथे खूण नाय केलीस, तर तू सगळ्यांच्या मूळ फायलींतच हात घालतेस. कळलं?” त्या खुणेवरूनच त्यांना हे नाव पडलं होतं.

खाली हॉटेलात रोज इडलीच घ्यायच्या, पण मेनूकार्ड पुरतं वाचून. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. वैतागायचे ते फक्त साहेब. मूळ फायली एकाच सामाईक फोल्डरमध्ये आहेत, त्यांचा बॅकअप ठेवू या, म्हणून ताई कधीपासून त्यांच्या मागे लागल्या होत्या. “बघू ना,” एवढंच उत्तर मिळायचं.

एका दुपारी गिऱ्हाइकाला दाखवायचं म्हणून साहेबांनी स्वतः प्रोजेक्ट इम्पोर्ट केला. खूण अर्थातच केली नाही. स्क्रीनभर चुकांच्या लाल फुल्या दिसल्या, तसे चिडून साहेब तो प्रोजेक्ट डिलीट करायला गेले, आणि ‘डिस्कवरूनही काढा’ या चौकटीत मात्र न वाचता खूण केली. सगळ्यांचं मूळच गेलं. कित्येक महिन्यांचं काम! आणि दोष कोणाला? फोल्डर सांभाळणाऱ्या खूणताईंना! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

साहेबांनी ताईंच्या नावाने माफीचा मेल लिहूनच ठेवला होता. “चूक तुमची, एवढंच आहे त्यात. फक्त सेंड दाबा ना, नोकरी राहील.”

मी म्हटलं, “सर, डिलीट तुम्ही केलंत!”

“तू गप्प बस गं.”

ताईंनी चष्मा लावला आणि सगळा मेल पहिल्यापासून वाचला. “वाचलं,” त्या म्हणाल्या. “नाय दाबणार.”

त्याच संध्याकाळी त्यांनी डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत भरली. निरोपाला साधा चहासुद्धा कोणी मागवला नाही.

साहेब अजून त्याच केबिनमध्ये आहेत, आणि नव्या मुलांना इम्पोर्ट शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. ती खूण का करायची, असं कोणी विचारलं, की केबिनचं दार उघडं असतानाच मी सांगते, कोणी केली नव्हती ते. नावासकट.