कागदावरची डाळिंबं

"ज्याची कमाई उघडी, त्याचाच कर आधी कापला जातो," असं विजयमाला एकदा ऑफिसात बोलून गेली होती. काकासाहेब नुसते हसले होते. एरवी एकोणीस वर्षं ती फारसं बोललीच नाही. श्रीरामपुरात, काकासाहेबांच्या कर-सल्ल्याच्या ऑफिसात, लोकांची रिटर्नं भरत राहिली.

जुलै उतरणीला लागला, रिटर्नांची मुदत जवळ आली की तिचं चित्त थाऱ्यावर नसे. शिक्षक यायचे, पगार-कराचा फॉर्म सोळा पुढे करायचे. "बाई, काहीतरी सुटेल ना?" सुटणार काय? पगार हातात पडण्याआधीच कर गेलेला. आतल्या केबिनमध्ये मात्र व्यापाऱ्यांच्या नफ्याची कागदोपत्री डाळिंबं व्हायची, कारण शेतीच्या उत्पन्नाला कर नाही. ती डाळिंबं टाइप तीच करायची. घरी गेल्यावर उगीचच नळाखाली बोटं धरून उभी राहायची.

त्या दिवशी केबिनमध्ये हर्षलशेठ होता, कापसाच्या जिनिंगचा मालक. गाडी, भाडं, बायकोचा पगार दाखवून कंपनीचा कर त्यानं केव्हाच खाली आणला होता. स्वतःच्या नावावरचे चाळीस लाख तेवढे लपवायचे राहिले होते.

"विजयमालाबाई, पाथर्डीकडं अकरा एकर आहे ना, तुमच्या नि भावाच्या नावावर?" काकासाहेबांनी करार पुढे सरकवला. "शेठना खंडानं दिलीय असं दाखवू. डाळिंबाची बाग. आधी तुमची सही, मग गहिनीनाथची आणा."

"साहेब, तिथं बोराटीसुद्धा जिवावर उदार होऊन उगवती."

"कागदाला पाणी लागत नाही, ताई," हर्षलशेठ खुशीत म्हणाला. "वर्षाला तीन लाख खंड!"

"खरंच देणार?"

"दाखवणार," काकासाहेब म्हणाले.

तिचा भाऊ गहिनीनाथ दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. कागदावर तो बागायतदार झाला की रेशनकार्ड जाणार, त्याच्या लेकीची, दिशाची शिष्यवृत्ती जाणार. मास्तरांचं पगारातून कापतात. ह्याचं ताटातून कापणार.

"भावाचं रेशन बंद पडेल, साहेब."

"आणि इतकी वर्षं इतरांचे करार टाइप केलेत, तेव्हा नाही आठवलं कुणाचं रेशन?"

खोटं नव्हतं ते. कितीतरी सर्व्हे नंबर तिनं टाइप केले होते, आणि त्यातल्या एकाही रानात कोण राहतं ते विचारलं नव्हतं.

"सही करा. नाहीतर एक तारखेपासून तुमच्या खुर्चीवर ती नवी शिकाऊ मोनिका बसेल."

तिनं करार वाचला. चतुःसीमासुद्धा बरोबर होत्या: पूर्वेला ओढा, दक्षिणेला गायरान. सोबतची सातबारा उताऱ्याची झेरॉक्स तिच्याच ड्रॉवरमधून काढलेली दिसत होती. पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पंखा कागदाचा कोपरा सारखा उचलत होता.

मग तिनं सही न करताच पेनाला टोपण लावलं, कराराच्या चार घड्या घातल्या आणि तो पर्समध्ये टाकला.

"अहो बाई, तो कुठं नेताय? बाई!"

दारात तिनं चपला पायांत सरकवल्या. बाकावरचे शिक्षक आपापले कागद सावरत उभे राहिले. त्यांच्यामधून वाट काढत ती बाहेर पडली.