बोथची दारुहळद

कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलं की वीस झाडांचे नमुने जमवायचे, रद्दीत दाबून वाळवायचे, जाड कागदावर दोऱ्याने शिवायचे आणि कोपऱ्यात चिठ्ठी डकवायची: नाव, ठिकाण, गोळा करणारा. एकोणीस झाले आणि माझा उत्साह संपला. विसावा मी बोथच्या बाजारात जडीबुटीवाल्याकडून उचलला. दारुहळदीच्या लाकडांच्या जुडीत एक काटेरी फांदी होती, चार पानं शाबूत असलेली. 'ठिकाण' पुढे लिहिलं, बोथ. गोळा तर मी तिथेच केली होती! खोटं लिहितेय असं तिळभरही वाटलं नाही.

दारुहळद हे थंड डोंगरांवरचं झुडूप, आमच्या आदिलाबादकडे कुठलं यायला! सरांनी फांदी नखाने खरवडली, आतला पिवळा रंग बघून हरखले, आणि माझा कागद थेट विभागाच्या कपाटात गेला. मी आठवडाभर हवेत होते.

आता मी त्याच कॉलेजात नोकरीला आहे आणि कपाटातल्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवते. परवा माझाच कागद हाती आला. गिचमिड अक्षर बघून हसू आलं. मग त्यामागे टाचलेल्या, सरांनी पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या दिसल्या. 'बोथचा डोंगर, नाल्याची बाजू. आढळली नाही.' 'पुन्हा गेलो. आढळली नाही.' 'गुडघा दुखतो. वरचा भाग राहिला.' दरसालची एक, अशा सात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुपचूप 'बोथ' टाइप केलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण सर अजून तो वरचा भाग बघायला जात असतील तर? दुसऱ्या दिवशी सकाळीच बस धरून त्यांच्या गावी, बेल्याला गेले. निवृत्त झालेले सर ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते.

"सर, ती दारुहळद मी बाजारातून आणलती."

सरांचे हात थांबले. "मंग चिठ्ठीवर बाजार काऊन नाही लिवला?"

"सुचलंच नाही, सर."

"अन् मी म्हटलं, पोरीनं लिवलं म्हणजे असंनच. सात दिवाळ्या तो डोंगर हिंडलो वं मी!"

मला रडू फुटलं. सरांनी ते ओसरेपर्यंत आणखी दोन-चार शेंगा सोलल्या.

जुनी चिठ्ठी कधी फाडायची नसते, दुरुस्तीची नवी तिच्या खाली डकवायची. सरांनी ती माझ्याकडूनच लिहून घेतली: 'बाजारातून घेतलेली. बोथच्या रानातली नाही.' खाली स्वतः सही केली. कागद टिकेल तोवर माझी चूक माझ्या नावावर राहणार, आणि ते योग्यच आहे.

"तो जडीबुटीवाला कुठून आणते, विचारलं होतं?"

"नाही, सर."

सर गुडघ्यावर हात देऊन उठले आणि चपला शोधू लागले.

"बोथचा बाजार आजच हाये. चाल."