मजुरीची नाचणी आणि धाकटीची हाडं

माझं माहेर भरे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरालगत. आम्ही नाचणीवर वाढलो आणि ते सांगायची मला कधी लाज वाटली नाही. सासर पौडाकडचं, भातखाचरांचं. तिथं आंबेमोहोर पिकायचा आणि त्याचा घराला भारी तोरा. नाचणी आमच्याही वरकस, उताराच्या हलक्या रानात व्हायची, पण ती मजुरांसाठी. दिवस मावळला की बायांच्या पदरात मजुरी म्हणून नाचणी घालायची. घरच्या माणसाच्या ताटात तिची भाकरी पडली की घराण्याची अब्रू गेली, असं मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ठाम मत.

त्यात जवळच भात सडायची गिरणी झाली. उखळ सुटलं म्हणून सगळ्यांत आधी मीच खूश झाले, खोटं कशाला बोलू. पण तांदूळ पांढराफेक यायला लागला आणि त्याचा कोंडा म्हशींच्या पुढ्यात. म्हशींचं दूध पुण्याला जायचं. थोडं मागं राहायचं त्याचं तूप व्हायचं, तेही पुण्यालाच. आणि त्याच पैशातून मामंजी वनस्पती तुपाचा डबा आणायचे. हाडांना बरी अशी जीवनसत्त्वं त्यात घातलेली असतात म्हणे. असतील की, मी कुठं नाही म्हणते. पण म्हशीचं विकायचं, डब्यातलं विकत घ्यायचं आणि वर ते चमच्यानं मोजून वाढायचं, हा व्यवहार मला काही केल्या पटेना. घरातला कस दाराबाहेर चालला होता आणि आम्ही आपले खाऊनपिऊन सुखी.

हे सगळं बाहेर आलं ते धाकट्या जावेच्या अंगावर. ती पुण्याच्या पेठेतली, गोरीपान, सगळ्यांची लाडकी. रंग उतरेल म्हणून तिला कुणी अंगणातसुद्धा बसू देईना. लाडकी म्हणून तिच्या ताटात पांढरा भात, आणि कामं द्यायची ती घराच्या आतलीच. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात ती भिंत धरून उठायला लागली. कंबर ठणकायची, चालताना बदकासारखी डुलायची. शेजारणी म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, व्हायचंच. मी म्हटलं, असं व्हायचं काही कारण नाही. आमच्या मजुरीच्या बाया भरल्या दिवसांत भारे वाहत होत्या, आणि हिला जमिनीवरून उठवेना.

पौडच्या डॉक्टरांनी तिची नडगी नुसती दाबली तर ती कळवळली. "हाडं मऊ पडलीत," ते म्हणाले. "पोटातलं पोर आपला वाटा आईच्या हाडांतून काढून घेतं. असंच चाललं तर बाळंतपणात अडेल. औषध देतो, पण ऊन पाहिजे, दूध पाहिजे. पुरेसं दूध परवडत नसेल तर नाचणी द्या, तीळ द्या."

'परवडत नसेल' हे मामंजींना झोंबलं. घरी येताच त्यांनी तिच्यासाठी पेलाभर दूध मागं ठेवायला सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "थोरले, नाचणीचं नाव काढायचं न्हाई. तिच्या म्हायेरची मान्सं काय म्हनतील? सुनंला गड्याचं खायाला घालत्यात."

"आन ती अडली, मामंजी, तर काय म्हनतील?"

ते टोपी घालून निघून गेले. मी कणगीतून नाचणी काढली आणि जात्यावर बसले.

पहिल्या दिवशी ताटातली ती काळपट भाकरी बघून जावेच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अक्का, माझं काही चुकलं का?" तिनं विचारलं. तिला वाटलं, आपण घराच्या मनातून उतरलो. मला आधी हसू आलं, मग असा राग आला म्हणून सांगू. "तुझं न्हाई, आमचं चुकलंया. खा मुकाट्यानं," म्हटलं, आणि माझंही ताट घेऊन तिच्याशेजारी बसले. तीच भाकरी, तीच तिळाची चटणी.

थंडीचे दिवस होते. सकाळी ताकातली आंबील पाजायची आणि खळ्यावर उन्हात बसवून दाणे निवडायला द्यायचे, असा मी नेम धरला. मामंजी माझ्याशी बोलेनात. पाणी हवं असलं तरी भिंतीकडं बघून मागायचे. मी भिंतीच्या वतीनं तांब्या द्यायची. वरून मी ठाम होते, आतून नव्हते. त्या पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर सगळं माझ्या डोक्यावर आलं असतं, आणि त्याहून मोठं म्हणजे मला ती हवी होती.

सातव्या महिन्यात तिचा थोरला भाऊ तिला बाळंतपणाला न्यायला आला. त्या सकाळी मामंजी भिंतीला म्हणाले, "नाचणी आत ठिवा." मी ऐकलं आणि हलले नाही.

भाऊ ओसरीत आला तेव्हा जाऊ जमिनीवर बसून तीळ पाखडत होती. तिनं सूप बाजूला केलं, गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. भिंत हाताशी होती, पण तिनं धरली नाही. सरळ चालत जाऊन तिनं भावाला पाणी दिलं. मामंजींची नजर तिच्या पावलांवरून हलत नव्हती.

भावानं मात्र वेगळंच पाहिलं. "काळी पडलीस गं," तो म्हणाला. "उन्हातान्हात कामाला लावतात का तुला?"

मामंजी उठून आत गेले. आता आपली काही धडगत नाही, असं मी धरूनच चालले. ते बाहेर आले ते खांद्यावर नाचणीचं पोतं घेऊन. दारात चार माणसं उभी होती, त्यांच्यादेखत त्यांनी ते स्वतः गाडीत टाकलं आणि पाहुण्यासमोर येऊन उभे राहिले.

"हिची भाकरी घाला तिला रोज. आन उन्हात बशिवत जावा," ते म्हणाले. "सून चालत धाडतुया, पावनं. चालतच माघारी पायजे."